लिंबाजीची गिटार

पारूबाईला राग आला की ती ओरडायची नाही. घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. त्या रविवारी लातूरच्या घरात तिच्या लेकीनं, लुंबिनीनं, फोनवर आलेली एक पत्रिका तिला वाचून दाखवली. पारूबाई उठली, फळीवरचे लखलखीत डबे, पातेली, पराती सगळं मोरीत ओतलं आणि घासणी घेऊन बसली.

लुंबिनी सरकारी दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी संपवून नुकतीच घरी आलेली. आईचं काय बिनसलं ते तिला कळेना. पत्रिका तशी साधीच होती. तिच्या जन्मगावी, मोगरजवळ्याला, भूकंपात गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक दालन बांधलं होतं आणि त्याचं उद्घाटन होतं. खाली जाड अक्षरात छापलं होतं की, कै. शेषेराव पाटील यांना स्पेन देशाच्या पाहुण्यानं स्नेहानं भेट दिलेली, शंभर वर्षांहून जुनी, हातानं घडवलेली गिटार या दालनात प्रथमच सर्वांना पाहायला मिळेल. निमंत्रक म्हणून शेषेरावांच्या नातवाचं, शिवमचं, नाव होतं.

बऱ्याच वेळानं मोरीतून आवाज आला. “पुन्यांदा वाच. कुनाला दिली म्हनतो त्यो?”

लुंबिनीनं पुन्हा वाचलं.

“तुझ्या बापाची हाय ती,” पारूबाई म्हणाली.

लुंबिनीला त्या गिटारीबद्दल अर्धवट ठाऊक होतं. भूकंप झाला तेव्हा ती कडेवरची पोर. पुढं बाप कधी रंगात आला की स्पेनमधल्या एका सुताराची गोष्ट सांगायचा, आणि त्या सुतारानं केलेलं वाजिंत्र काही दिवस आपल्या घरात होतं असं म्हणायचा. घरातून ते गेलं कसं, हे मात्र त्यानं कधी काढलं नाही. ते त्या दिवशी पारूबाईनं काढलं. भांडी घासता घासता, लेकीकडं पाठ करून, तिनं सगळं सांगितलं.

मोगरजवळ्याला लिंबाजी लोकांच्या रानात राबायचा आणि भीमगीतांच्या पार्टीत बेंजो वाजवायचा. ढोलकीवर त्याचा जोडीदार भुजंग असे. आसपासच्या गावांत जयंतीला या दोघांशिवाय पार्टी उभी राहत नसे. मग त्र्याण्णव साल आलं. लोकांनी गणपती बुडवले आणि पहाटे जमीन हलली. गावातली मोठी घरं दगडामातीची होती, वर माळवदाचा बोजा. ती जागच्या जागी बसली. बौद्धवाड्यातल्या झोपड्या कुडाच्या आणि पत्र्याच्या. त्या वाकल्या, कलल्या, पण माणसं बाहेर पडली. बाहेर पडलेल्यांनी उजाडायची वाट पाहिली आणि टिकाव, पहारी घेऊन, आणि ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांनी नुसते हात घेऊन गावात धाव घेतली. आदल्या दिवसापर्यंत ज्या गल्लीतून त्यांना खाली मान घालून जावं लागायचं, त्या गल्लीत ते दगड उपसू लागले.

शेषेराव तेव्हा गावचा सरपंच. तो रानात मुक्कामाला होता म्हणून वाचला. त्याची बायको गुणाबाई ढिगाऱ्याखाली कण्हत होती. लिंबाजीनं दुपारपर्यंत उकरून तिला जिवंत काढलं. तिच्या कुशीतली लहान पोर गेलेली होती. तिलाही त्यानंच उचलून आणलं, डोक्याचा पटका सोडून तिच्यावर पांघरला. त्या घराचा उंबरा लिंबाजीनं जन्मात पहिल्यांदा ओलांडला तो असा, उंबरा जागेवर नसताना.

पुढं गाडीमागून गाडी मदत येऊ लागली. देशोदेशीची माणसं आली. त्यात स्पेनमधून आलेला एक सुतार होता, मातेओ नावाचा. उंच, किडकिडीत, उन्हानं मान लालबुंद झालेला. पत्र्याच्या शेडी उभ्या करायच्या कामावर तो होता. त्याला राहायला जागा मिळाली ती बौद्धवाड्याच्या शेडींच्या कडेला, कारण तिकडं कुणी राहायला मागत नव्हतं. पोरासोरांनी त्याचा मातोबा केला. मातोबाला तिखट सोसायचं नाही, पण पारूबाईच्या हातची ज्वारीची भाकरी तो दह्याबरोबर आवडीनं खायचा. आणि त्याच्याजवळ एक गिटार होती.

लहानशी, हलकी, पिवळसर अंगाची. दुकानात टांगलेल्या गिटारींसारखी चकाकणारी नव्हती. तिच्या गोल तोंडाच्या बाजूला एक काळपट ठिपका होता. नीट पाहिलं की कळायचं, ते खिळ्याचं जुनं भोक आहे आणि कुणीतरी दुसऱ्या लाकडाचा बारीक तुकडा बसवून ते बुजवलंय. लिंबाजीनं पहिल्याच दिवशी त्या भोकावर बोट ठेवलं आणि मातोबाकडं पाहिलं. मातोबा हसला नाही. लातूरहून मदतीला आलेला एक कॉलेजातला मुलगा इंग्रजी जाणत होता. त्याला मध्ये बसवून मातोबानं ती गोष्ट सांगितली.

ती गिटार मातोबाच्या पणजोबानं केलेली. त्याचं नाव इलारिओ. स्पेनच्या दक्षिणेला डोंगरातलं एक गाव, तिथला तो सुतार. दारं, खिडक्या, छपरं करायचा, आणि हौस म्हणून गिटारी. शंभरएक वर्षांपूर्वी, नाताळाच्या सणात, तिकडंही जमीन हलली. इलारिओनं स्वतःच्या हातानं चढवलेलं घराचं छप्पर खाली आलं, आणि त्याच्या तुळईखाली त्याची बायको आणि दोन मुली गेल्या. चर्चमधला पाद्री म्हणाला, गावाचं पाप भोवलं. इलारिओ पुन्हा चर्चची पायरी चढला नाही. शहरांकडून मदत आली ती आधी जमीनदाराच्या घरी पोचली. त्याची माडी उभी राहिली तरी इलारिओसारखे लोक कातड्याच्या आणि फांद्यांच्या खोपटात होते.

दोनेक वर्षं त्यानं कुणाच्या दाराला रंधा लावला नाही. ती तुळई मात्र त्यानं जाळली नाही, विकली नाही. मग एक दिवस ती उभी चिरली. आत सूचिपर्णी झाडाचं लाकूड, जुनं, कोरडं, बारीक सरळ रेषांचं. त्याच्या पातळ फळ्या काढून त्यानं गिटारींच्या छात्या, म्हणजे पुढच्या बाजू, केल्या. खिळ्यांची भोकं त्यानं लपवली नाहीत, फक्त बुजवली. तो म्हणायचा, हे माझं घर आहे, त्याला भोकं आहेत.

जमीनदाराला हे कळलं. त्याच्या मुलीचं लग्न होतं, तिला देण्यासाठी त्यानं गिटार मागितली. माणूस पाठवला, पुन्हा पाठवला, शेवटी स्वतः आला. इलारिओ दारातच उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या घराचं लाकूड तुझ्या घरात जाणार नाही. मग त्यानं त्या गिटारी मजुरांना दिल्या, एका लोहाराला दिली, आणि एक ठेवून घेतली. पुढं त्यानं दुसरा संसार मांडला, त्या घरात मातोबाचा आजा जन्मला, आणि ठेवून घेतलेली ती एक गिटार उतरत उतरत मातोबाकडं आली.

लिंबाजीनं मांडीवर थाप मारली होती. “ह्यो तर आपलाच मानूस हाय की,” तो म्हणाला होता. आणि त्या दिवसापासून तो इलारिओला इलारी सुतार म्हणू लागला, जसा काही तो शेजारच्या गावचा असावा.

लिंबाजीची बोटं बेंजोवर बसलेली. गिटार त्यानं हिवाळाभरात धरली. मातोबा शिकवायचा, हा शिकायचा, आणि मग हा भीमगीताची चाल वाजवायचा आणि मातोबा मान डोलवायचा. एप्रिलात जयंती झाली. पत्र्याच्या शेडींपुढं निळे झेंडे लागले. गाणी झाल्यावर मातोबानं ती गिटार लिंबाजीच्या हातात दिली, त्याची बोटं तिच्याभोवती मिटवली आणि त्या कॉलेजातल्या मुलाला सांगायला लावलं की, ही आता तुझी, माझ्या पणजोबानं तुलाच दिली असती. सगळ्या वाड्यानं हे पाहिलं. पारूबाई हातात पळी घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

महिनाभर गिटार त्यांच्या शेडीत होती. पारूबाईनं जुन्या लुगड्याची दुहेरी घडी शिवून तिला पिशवी केली.

मग मातोबा निघायचा दिवस आला. सरपंचानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. लिंबाजीला सांगावा आला की ते परदेशी वाजिंत्र घेऊन ये, पाहुण्यासाठी काहीतरी वाजव. लिंबाजी न्हाऊनधुऊन, पांढरा सदरा घालून गेला. छान वाजवलं त्यानं. टाळ्या संपायच्या आत शेषेराव माईकपाशी गेला आणि म्हणाला की, पाहुण्यांनी ही अनमोल वस्तू गावाला दिली आहे, गावाच्या वतीनं मी ती स्वीकारतो. असं म्हणून त्यानं लिंबाजीच्या हातातून गिटार घेतली, तिला झेंडूचा हार घातला, आणि फोटोवाल्याकडं तोंड केलं. मातोबाला भाषा कळत नव्हती, आणि कॉलेजातला तो मुलगा त्या दिवशी नव्हता. लिंबाजीचा सत्कार चाललाय असं समजून तो सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. लिंबाजी शेजारी हात जोडून उभा होता. त्या फोटोत तो हसतोय.

पारूबाई बायकांच्या घोळक्यात होती. ती उठायला लागली तेव्हा सासूनं तिचा पदर धरून खाली बसवलं. मातोबा त्याच संध्याकाळी जीपमध्ये बसून गेला.

ग्रामपंचायतीला इमारत नव्हती म्हणून गिटार शेषेरावानं सगळ्यांआधी नव्यानं बांधलेल्या घरी गेली. लिंबाजी मागायला गेला तर शेषेराव प्रेमानंच बोलला. म्हणाला, पत्र्यात कुठं ठेवशील, उंदरं खातील, हितं ठीक हाय, वाजवावीशी वाटली की येत जा. लिंबाजी एकदा गेला. पाटलाकडं तालुक्याचे पाहुणे बसले होते. त्याला खाली अंगणात पोत्यावर बसवलं, सिनेमातलं गाणं वाजवायला सांगितलं आणि चहा वेगळ्या कपात दिला. कप विसळून कोनाड्यात ठेवायला सांगितला. लिंबाजीनं कप विसळला, ठेवला, घरी आला. पुन्हा गेला नाही.

पारूबाई म्हणाली होती, मी जाते, चौकात उभी राहून बोंब मारते. लिंबाजीनं तिचा हात धरला. सरकार वसवणार होतं त्या नव्या गावात घरं जमिनीच्या हिशोबानं मिळणार होती, जमीन नसलेल्यांना सगळ्यांत लहान. तेवढंही सरपंचाच्या मर्जीवर होतं. “आपल्याला हितंच ऱ्हायाचं हाय, पारू,” तो म्हणाला. तरी राहणं झालंच नाही. रानातली कामं आटली, आणि पारूबाईचा भाऊ मुदखेडला होता, त्याच्या आधारानं ते तिकडं गेले. लिंबाजीनं जंक्शनवर मालधक्क्याला हमाली केली. सिमेंटच्या पोत्यांनी त्याच्या छातीत जी धूळ बसली तिनंच त्याला नेलं. लुंबिनी शिकली, नोकरीला लागली. आणि लिंबाजी मरेपर्यंत इलारी सुताराची गोष्ट सांगत राहिला. गोष्ट जमीनदाराला नाही म्हटल्यापाशी संपायची. त्याच्या पुढं तो जायचा नाही.

एवढं सांगून पारूबाईनं शेवटची परात विसळली. लेकीकडं वळून ती म्हणाली, “त्या इलाऱ्यानं त्याच्या गावच्या पाटलाला दिली न्हाई ती गितार, आन तुझ्या बापानं आपल्या गावच्या पाटलाच्या भितीवर टांगू दिली. ह्याच्यापाई मी त्याच्याशी एक येळ नीट बोलले न्हाई. मेल्यावर बी त्याच्यावर चिडून हाय.”

लुंबिनीनं आईला समजवायचा प्रयत्न केला. शिवम आता मोठ्या लोकांत उठतोबसतो, जिल्हा परिषदेला उभा राहणार म्हणतात, आपली सरकारी नोकरी, उगीच वैर कशाला, आणि ती जुनी गिटार आणून करायचं काय. पारूबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की, मला वाजवायची नाही, पण माझ्या माणसाची वस्तू दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून मी ठेवू देणार नाही. उद्घाटनाच्या सकाळी ती एसटी स्टँडवर निघाली. लुंबिनी रजा टाकून मागोमाग आली. आईला एकटं पाठवायची तिला भीती वाटली.

मोगरजवळ्याला मंडप लागला होता. खुर्च्या मांडत होते. पारूबाई मंडपाकडं गेली नाही, सरळ पाटलांच्या घरी गेली. गुणाबाई बाहेरच्या खोलीत बसली होती. नवऱ्याला जाऊन काही वर्षं झाली होती, गुडघे धरले होते. पारूबाईला तिनं लगेच ओळखलं. घरातली माणसं मंडपाकडं होती. गुणाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, दोघींना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, आणि दिवाणावरची शाल बाजूला केली.

गिटार तिथं होती. पारूबाईनं ती ओळखली आणि ओळखली नाही. कुणीतरी तिला गडद तपकिरी पॉलिश फासलं होतं, पाटाला मारतात तसं चकचकीत. छातीला लांब चीर गेली होती, तीत सुतार भरतात ती लांबी भरली होती. तारा नव्या होत्या, पण नुसत्या शोभेला बांधलेल्या. आणि तोंडाजवळचा तो ठिपका दिसतच नव्हता. खिळ्याच्या भोकावर लांबी भरून, वरून रंग मारून, सगळं सपाट केलं होतं.

“ह्ये कुनी केलं?” पारूबाईनं विचारलं.

गुणाबाई म्हणाली, शिवमनं कारागीर बोलावून करून घेतलं, फार वाईट दिसत होती, इतकी वर्षं भिंतीवर धूर खाल्ला. मग तिनं आवाज आणखी खाली आणला. ती म्हणाली की, मला सगळं ठाऊक आहे, पण मालकांपुढं माझं कधी चाललं नाही आणि आता पोरांपुढं चालत नाही. तू ही घेऊन जा. मागच्या दारानं जा, तिकडं कुणी नाही. मी सांगते, नेताना हातातून पडली, फुटली, टाकून दिली.

लुंबिनीनं हात पुढं केला होता. पारूबाईनं तो मागं ओढला.

“मागच्या दारानं मी आले न्हाई,” ती म्हणाली. “सगळ्या गावाम्होरं घेतली ना? तशीच सगळ्या गावाम्होरं द्या.”

“माझ्याच्यानं एवढंच होतंय, पारू.”

“लिंबाजीच्यानं किती होत व्हतं, ते तुमी पाह्यलं हाय.”

गुणाबाईचा चेहरा पडला. पारूबाई पुढच्या दारानं बाहेर पडली. रस्त्यावर लुंबिनी तिच्यावर चिडली. हातात आलेली वस्तू सोडून आलीस, आता काय मिळणार आहे, असं म्हणाली. पारूबाई म्हणाली, चोरून न्यायला मी चोर आहे का.

मंडपात भुजंग भेटला. गावात राहिलेल्या जुन्यांपैकी तो. केस पांढरे, ऐकू कमी येतं. तो आणि बौद्धवाड्यातली दहापाच माणसं मागच्या ओळीत बसली होती. पारूबाई त्यांच्यात बसली आणि वाट पाहू लागली.

कार्यक्रम सुरू झाला. गिटार आणून काचेच्या पेटीत ठेवली गेली. पेटीवर पितळी पाटी होती, तीवर शेषेराव पाटलांचं नाव. गुणाबाईला पुढच्या ओळीत मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं. शिवमनं माईक हातात घेतला आणि आजोबांची आणि परदेशी पाहुण्याची मैत्री कशी जुळली ते सांगायला सुरुवात केली. पाहुण्याचा दिलदार स्वभाव, आजोबांचा पाहुणचार, असं काही काही त्यानं रचलं होतं. मातोबा शेषेरावाच्या घरी कधी जेवला नव्हता. पारूबाई उठली.

ती मधल्या वाटेनं चालत पुढं गेली. कुणाला वाटलं, म्हातारी सत्काराला चाललीय. व्यासपीठाच्या पायरीशी उभी राहून ती बोलली. माईक नव्हता, पण शिवम गप्प झाला तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“ती गितार लिंबाजीची हाय. मातोबानं जयंतीला त्याच्या हातात दिली. तुज्या आज्यानं निरोपाच्या दिशी त्याच्या हातातनं काढून घेतली. पाटीवर ह्ये लिव्ह.”

शिवमनं हसून सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. म्हणाला, “मावशी, कार्यक्रम होऊ द्या. मग आपण निवांत बसून बोलू.”

“निवांत बसायला तुमच्या अंगनात पोतं हाय ना. तिथं बसून झालंय आमचं.”

मागून हसण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. शिवमचा चेहरा बदलला. तो म्हणाला की, पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर खाली बसा. पारूबाई त्याच्याकडं न बघता पहिल्या ओळीकडं वळली. आयुष्यभर जिला तिनं पाटलीणबाई म्हटलं होतं तिला तिनं नावानं हाक मारली.

“गुणाबाई, तुमाला माळवदाखालून कुनी काढलं, तेवढंच सांगा.”

गुणाबाईनं मांडीवरच्या हातांकडं पाहिलं. तिनं तोंड उघडलं नाही. पारूबाई पुरेसं थांबली. मग व्यासपीठावर चढली, काचेच्या पेटीचं झाकण उचललं आणि गिटार काढून घेतली. झाकण खाली पडून फुटलं. दोन पोरं धावली, एकानं गिटारीची मान धरली. तेव्हा मागची ओळ उभी राहिली. आधी भुजंग, मग बाकीचे. कुणी घोषणा दिली नाही. नुसते उभे राहिले.

“जाऊ द्या तिला,” गुणाबाई म्हणाली.

पोरानं हात सोडला. पण त्या तीन शब्दांनी पारूबाईच्या डोक्यात जे पेटलं ते आधीच्या कशानं पेटलं नव्हतं. तोच आवाज, रानातल्या बाईला सुट्टी देताना लावतात तो. ती वळली आणि म्हणाली, “तुमी जाऊ द्यायची गरज न्हाई. मी घिऊन चालले हाय.” आणि मंडपाच्या पुढच्या कमानीतून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी लुंबिनीच्या घरी पोलीस आले आणि मायलेकींना ठाण्यात घेऊन गेले. शिवमनं चोरीची तक्रार दिली होती. ठाण्यात शिवम बसला होता, समोर तो जुना फोटो. साहेबांनी फोटो पारूबाईपुढं सरकवला. झेंडूचा हार घातलेली गिटार, शेषेराव, आणि बाजूला हात जोडलेला लिंबाजी.

“आजी, तुमचा माणूस तर हसतोय इथं,” साहेब म्हणाले. “जबरदस्तीनं घेतली असती तर हसला असता का?”

पारूबाईनं फोटो हातात घेतला. लिंबाजीचा तो पांढरा सदरा तिनंच धुतला होता. तीस वर्षं ज्या हसण्याचा तिला संताप येत होता ते तिनं पहिल्यांदा जवळून पाहिलं. ओठ हसत होते. डोळे गिटारीकडं होते.

“हसंल न्हाई तर काय करंल, सायेब?” ती म्हणाली. “त्याला त्या गावात ऱ्हायाचं व्हतं.”

आणि तेव्हा लुंबिनी बोलली. कालपर्यंत नोकरीची काळजी करणारी लुंबिनी खुर्ची मागं सारून उभी राहिली. तिनं शिवमला विचारलं की, पाहुण्यानं तुझ्या आजोबांना दिली असं तू म्हणतोस, तर त्या पाहुण्याच्या घराण्यातल्या ज्या माणसानं ही केली त्याचं नाव सांग. कशाच्या लाकडाची आहे ते सांग. तू त्या भोकावर लांबी का भरलीस ते सांग. शिवम म्हणाला, त्याचा इथं काय संबंध. मग लुंबिनीनं इलारी सुताराची सगळी गोष्ट, बाप सांगायचा तशी, ठाण्यात उभ्यानं सांगितली.

शिवमनं तडजोड पुढं केली. पाटीवर दोन्ही नावं घालू, वर आजोबांचं, खाली लिंबाजीचं. पारूबाई नको म्हणाली. वस्तू कुणाची याचा कागद कुणाकडंच नव्हता. पण मंडपातला तो प्रकार कुणीतरी फोनवर टिपला होता आणि तो लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांत फिरत होता, जळकोटपासून हिमायतनगरपर्यंत. वाड्यावाड्यांतून लोक शिवमला विचारू लागले होते. मतांचा विचार करून आठवडाभरात त्यानं तक्रार मागं घेतली. चूक कबूल केली नाही. गैरसमज झाला, एवढंच म्हणाला. पारूबाईला त्या शब्दाचाही राग आला आणि तो तिनं ठेवून घेतला.

नांदेडला गुरुद्वाऱ्याकडच्या गल्लीत हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करणारा एक जण होता. त्यानं पॉलिश उतरवलं, चीर जमेल तशी सांधली. आधीच सांगितलं की पहिला आवाज आता यायचा नाही, धुरानं आणि उन्हानं लाकूड थकलंय. आवाज खरंच बसका आला. भुजंगला मुदखेडच्या जुन्या घरी बोलावलं तर त्यानं कानाजवळ धरून तारा छेडल्या आणि नकाराची मान हलवली.

त्या वर्षी मुदखेडच्या विहारात जयंतीला ती ठेवली. पोरांनी पारूबाईला चार शब्द बोलायला सांगितलं. बोलायला उठण्याआधी समितीतला एक जण तिच्या कानाशी लागला. म्हणाला, मावशी, झालं ते झालं, पाटलांचं नाव घेऊ नका, वातावरण बिघडतं, उद्या त्यांच्या ओळखीच्यांकडं आपली कामं असतात. पारूबाईनं त्याला विचारलं की, ज्यानं केली त्याचं नाव घेऊ का. तो म्हणाला, घ्या की. ज्याला दिली त्याचं? तेही घ्या म्हणाला.

मग ती माईकपाशी गेली. इलारी सुताराची गोष्ट तिनं छप्पर कोसळण्यापासून सुरू केली आणि जमीनदाराला नाही म्हणण्यापाशी ती थांबली नाही. पुढं बोलत राहिली. लिंबाजीचे हात, गुणाबाई, ती लहान पोर, पटका, मातोबा, झेंडूचा हार, पोतं, कप, सगळं क्रमानं सांगितलं. शेषेराव पाटलाचं नाव आलं तेव्हा समितीतल्या त्या माणसानं खाली पाहिलं. पारूबाईला ते दिसलं. मागं बसलेल्यांना नीट ऐकू गेलं नसेल, असं म्हणून तिनं ते नाव पुन्हा एकदा, मोठ्यानं घेतलं.